हादरा एकच, झोके वेगवेगळे

ठाण्याच्या कोलशेत खाडीच्या बाजूला गेलात तर जुनी बैठी घरे, चार-पाच मजली इमारती आणि तीस मजली टॉवर एकाच नजरेत भरतात. भूकंप झाला तर यांतील कोणाला धोका जास्त? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले टॉवरकडे बोट दाखवतील. उत्तर इतके सरळ नाही.

एका फळीवर करवतीची तीन लहानमोठी पाती उभी ठोका आणि टोकांना चिकणमातीचे सारखे गोळे लावा. फळी भराभर हलवली की आखूड पाते जोरात झुलते, सावकाश हलवली की लांब पाते. फळीची लय पात्याच्या दोलनकालाशी जुळली की झोका वाढत जातो, हाच अनुनाद. इमारतीचा दोलनकाल ढोबळमानाने मजल्यामागे 0.1 सेकंद धरतात. म्हणजे पाच मजल्यांना अर्धा सेकंद, तिसांना सुमारे तीन.

आता जमीन पाहू. ठाण्याच्या पोटात बेसाल्ट आहे, पण खाडीलगत त्यावर मऊ गाळ साचलेला असतो. या थरालाही दोलनकाल असतो: जाडीची चौपट भागिले थरातील आडव्या कंपनलहरींचा वेग. समजा, गाळ 20 मीटर जाड आणि वेग सेकंदाला 150 मीटर. 80 भागिले 150, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. पाच मजली इमारतीचाच आकडा! प्रत्यक्षात जाडी जागोजाग बदलते, म्हणून बोअर घेऊन माती तपासण्याला पर्याय नाही.

मेक्सिको सिटीत 19 सप्टेंबर 1985 रोजी हेच घडले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरांहून दूर होते, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. गाळाची लय सुमारे दोन सेकंदांची. सर्वाधिक हानी सहा ते पंधरा मजली इमारतींची झाली. आपल्या ढोबळ नियमाने वीस मजली पडायला हव्या होत्या ना? पण तडे जाऊ लागले की इमारत ढिली होते आणि तिचा दोलनकाल लांबतो.

बैठी घरे तरी सुरक्षित का? 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली, आणि तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. 2001 साली भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूरच्या अहमदाबादेत कोसळलेल्या अनेक इमारतींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा होता: वर भिंती, खाली नुसते खांब. सारा झोका त्या खांबांवरच आला.