आधी अक्षर, मग वेलांटी

‘मराठी’ हा शब्द कृतिदेव फाँटमध्ये टाइप केला की पडद्यावर अगदी नीट ‘मराठी’ दिसतं. फाइलमध्ये मात्र ना ‘म’ असतो, ना ‘ठ’. तिथे साठलेली असतात पाच रोमन अक्षरं : ई, जे, के, बी, एच. फाँट त्या अक्षरांच्या जागी आपल्याला देवनागरीची चित्रं दाखवतो, इतकंच. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा पत्ता लागायचं काही कारण नाही. पण हीच फाइल एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थिनीने संगणकावर उघडली तर? तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, फाइलमध्ये जे साठलेलं आहे तेच वाचणार. इतिहासाचा अख्खा धडा तिच्या कानात निरर्थक रोमन अक्षरांची सर होऊन पडणार.

दिव्यांग मुलांसाठीचं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला उपकरणं आठवतात. टॅब, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, वाटपाचा कार्यक्रम, व्यासपीठावरचे पाहुणे. उपकरणं हवीतच, आणि ती पुरेशी नाहीत हेही खरं. तरी मराठी माध्यमात शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलांपुरतं बोलायचं तर आज त्यांचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा मजकुरापाशी. पुस्तक वाचता येईल की नाही, हे त्या मुलाच्या दप्तरातल्या यंत्रावर ठरण्याआधी अक्षरजुळणीच्या टेबलावर ठरून गेलेलं असतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि कर्णबधिर मुलाची, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची वर्गातली गरज निरनिराळी असते. त्या सगळ्यांबद्दल एका दमात बोलणं त्यांच्यावर अन्याय करणारं होईल. म्हणून हा लेख दृष्टिहीन मुलांविषयी, आणि त्यातही मुख्यतः मराठी वाचण्या-लिहिण्याविषयी आहे.

सुरुवात ब्रेलपासूनच करायला हवी. लुई ब्रेल याने पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा टिंबांची कल्पना सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन टिंबं. त्यांतून ६३ चिन्हं तयार होतात. मुंबईत दुष्काळाच्या काळात, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच आजची दादरची अंधशाळा. पण तेव्हा भारतात ब्रेल एक नव्हतं. मिशनऱ्यांनी, शिक्षकांनी, अंध विद्वानांनी आपापल्या भागात आपापल्या संकेतावल्या बसवल्या होत्या. गुजरातेतल्या निळकंठराय छत्रपती यांची एक होती, म्हैसूरची वेगळी होती. एका शाळेत छापलेलं पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या शाळेत नेलं की तिथल्या मुलांच्या बोटांना ते अनोळखी.

हा गोंधळ मिटला १९५१ मध्ये. युनेस्कोने जगभरातल्या ब्रेलमध्ये एकवाक्यता आणण्याचं काम हाती घेतलं होतं. त्याचे सल्लागार होते क्लुथा मॅकेन्झी. हे न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनला युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी सांभाळलं होतं. त्या प्रयत्नांतून आणि भारतातल्या जाणकारांच्या चर्चेतून ‘भारती ब्रेल’ ठरलं. त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलची रचना मला फार सुंदर वाटते. तिने डोळ्यांना दिसणारी अक्षरं बाजूला ठेवली आणि भारतीय भाषांचे ध्वनी धरले. मराठीतला ‘क’, बंगालीतला ‘क’, तमिळमधला ‘क’ : तिन्ही बोटाला सारखेच, पहिलं आणि तिसरं टिंब, आणि इंग्रजीतल्या ‘के’चीही तीच टिंबं. मराठीचा ‘ळ’ उजव्या रांगेतली तिन्ही टिंबं घेऊन बसतो. काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र चिन्हं नाहीत. स्वराचंच चिन्ह व्यंजनानंतर येतं. त्यामुळे ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग ‘इ’. डोळस मूल पाटीवर पहिली वेलांटी आधी काढून मग ‘क’ काढत असेल, अंध मूल मात्र उच्चाराच्या क्रमाने लिहितं. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, चौथं टिंब, पहिल्या व्यंजनाच्या आधी येते. या शिस्तीत एक बारकावाही आहे. ‘सई’ हे नाव लिहिताना ‘स’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये ‘अ’ घालावा लागतो, नाहीतर तेच ‘सी’ वाचलं जाईल. ‘मऊ’ही तसंच, मधला ‘अ’ गाळला की त्याचं ‘मू’ होतं. पहिली-दुसरीतलं अंध मूल हे सहज शिकतं, आणि शिकताना ‘अ’ हा स्वर प्रत्येक व्यंजनात दडलेला असतो हे व्याकरणाचं सत्य बोटांनी समजून घेतं.

आता संगणकाकडे येऊ. भारतीय लिप्यांसाठी संगणकीय मानक तयार झालं तेव्हा, म्हणजे १९९१च्या ‘इस्की’ मानकात आणि त्याच सुमारास आलेल्या युनिकोडमध्ये, मजकूर साठवण्याचा क्रम उच्चाराचाच ठेवला गेला. आधी व्यंजन, मग स्वराचं चिन्ह. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, ती पडद्यावर तशी दाखवणं हे फाँटचं काम. साठवण मात्र उच्चाराप्रमाणे. म्हणजे १९५१च्या ब्रेलने आणि ४० वर्षांनंतरच्या संगणकीय मानकाने देवनागरीकडे एकाच नजरेने पाहिलं. हा योग फार मोलाचा होता. युनिकोडमधला मराठी मजकूर ब्रेलमध्ये नेणं यंत्राला त्यामुळेच सोपं जातं, आणि त्याला आवाज देणंही.

पण मराठी अक्षरजुळणी वेगळ्या वाटेने गेली. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर टंकलेखक पहिली वेलांटी आधी ठोकत असे, कारण कागदावर ती आधी उमटायची. सवय तीच राहिली, यंत्र बदललं. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या, काळातल्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते : अर्धा ‘श’, काना, रफार, वेलांटी. ‘हिंदी’ लिहायचं तर वेलांटीचा तुकडा आधी, ‘ह’ नंतर. प्रत्येक फाँटकुळाची जागावाटणी वेगळी. छापील पानासाठी हे सगळं उत्तम चाललं आणि मराठी प्रकाशन व्यवसायाने त्यावर सुंदर पुस्तकं काढली, याबद्दल त्या कारागिरांचं श्रेय कमी होत नाही. मात्र त्या फाइलींमधून दृष्टिहीन वाचक कायमचा बाहेर राहिला. ब्रेल छापखान्यालाही त्या फाइलीचा थेट उपयोग नसतो. फाँट बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरांत ते घसरतात. मग स्वयंसेवक बसतात आणि छापून झालेलं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून टाइप करतात. संगणकावरच तयार झालेलं पुस्तक संगणकावर पुन्हा टाइप करण्यात किती माणसांची किती वर्षं गेली असतील, याचा विचार केला की मन विषण्ण होतं.

स्कॅन केलेल्या पानांची कथा याहून वेगळी नाही. शिक्षक वहीतल्या टिपणांचे फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. तीस मुलांसाठी ती सोय. एकतिसाव्यासाठी ते नुसतं चित्र. चित्रातली अक्षरं ओळखणारे प्रोग्राम आता मराठीतही बरे चालतात, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होतेच, आणि हस्ताक्षर असेल तर आशा सोडावी. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘घन’चं ‘धन’ झालेलं वाचून विज्ञानाचा अभ्यास कसा करायचा?

यंत्रांची बाजू मात्र या काळात खरोखर सुधारली. एकेकाळी स्क्रीन रीडर विकत घेणं सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचं होतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे या दोघांनी, दोघेही दृष्टिहीन, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विकसित करायला घेतला आणि तो सगळ्यांना मोफत दिला. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो. कोरडा, यांत्रिक आहे, पण बोलतो. सरावलेली मुलं तो इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला नुसती गुणगुण वाटावी. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. बिट्स पिलानीच्या गोवा परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ‘ॲनी’ हे ब्रेल शिकवणारं बोलकं उपकरण पुढे आलं. आयआयटी दिल्लीत बोटांनी वाचायच्या उठावदार आकृत्यांवर मोठं काम झालं आहे. पेशीची किंवा भूमितीची आकृती तिथल्या पद्धतीने छापली की मूल ती हाताने पाहू शकतं.

इथे एका समजाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ‘आता सगळं ऐकता येतं, ब्रेल कशाला?’ असं पालक विचारतात, अधिकारी विचारतात, काही शिक्षकही विचारतात. माझं उत्तर ठाम आहे : ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. आपल्या रोजच्या उच्चारात दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. केवळ ऐकून दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कधी भेटलेलंच नसतं. परिच्छेद कुठे संपला, अवतरण कुठे उघडलं, अनुस्वार कुठे आहे, हे त्याच्या भाषेत उरत नाही. आपण डोळस मुलांना ‘पुस्तकं कशाला, ध्वनिफिती ऐका’ असं सांगू का? मग अंध मुलाला अक्षरओळखीशिवाय साक्षर म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

ब्रेलच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारून चालणार नाही. मोठ्या पानावर साधारण ४० चिन्हांच्या २५ ओळी बसतात, त्यामुळे एका छापील पाठ्यपुस्तकाचे जाडजूड खंड होतात. टिंबं दाबली जातात, पुस्तक जुनं होतं तसं ते बोटांना फिकट होत जातं. पाटी आणि टोचणीने लिहायचं तर उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं, कारण टिंबं कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. यावर उपाय म्हणून विद्युत ब्रेलपट्टी आली : एका ओळीतली टिंबं वरखाली होतात आणि संगणकातला मजकूर ओळीओळीने बोटाखाली येतो. ऑर्बिट रीडर २० हे यंत्र अशा २० चिन्हांचं आहे. हजार पानांचं पुस्तक त्यात मावतं. मात्र हे यंत्रही पुन्हा तिथेच येऊन थांबतं. फाइल कृतिदेवमधली असेल तर बोटाखाली तीच ‘ई, जे, के, बी, एच’ची टिंबं उठतात.

गणिताचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो. लहान वर्गांत टेलर फ्रेमवर, अष्टकोनी भोकांत खिळे वेगवेगळ्या दिशांना वळवून बसवत, मुलं बेरीज-वजाबाकी झपाट्याने करतात. पुढे अपूर्णांक, घातांक, समीकरणं आली की कागदावरचं गणित वर-खाली पसरतं आणि ब्रेल व आवाज दोघेही एका सरळ रेषेत चालतात. जन्मांध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी १९५२ मध्ये गणितासाठी ब्रेलची स्वतंत्र संकेतावली दिली. संगणकावर समीकरण त्याच्या रचनेसह साठवणारी मॅथएमएल ही भाषाही आता कित्येक वर्षं उपलब्ध आहे. तरीही पुस्तकात समीकरण चित्र म्हणून चिकटवलं जातं. आठवी-नववीतल्या हुशार मुलीला ‘तुला गणित झेपणार नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा तिच्या बुद्धीची परीक्षा झालेलीच नसते. तिच्यापर्यंत समीकरण पोचलेलंच नसतं.

वर्गात फुकट करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला तंत्रज्ञान म्हणायला मला संकोच वाटत नाही : शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना तोंडाने बोलणं. ‘हे इथून काढून इकडे नेलं’ याऐवजी ‘उजवीकडचे अधिक पाच डावीकडे नेले, ते उणे पाच झाले’. असं बोलणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात डोळस मुलांनाही गणित अधिक कळतं. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान शिक्षकांकडे ठेवून बसलेल्या मुलासाठी ते एक वाक्य लाखमोलाचं असतं.

परीक्षेत लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला, आणि उमेदवाराला ब्रेलमध्ये, संगणकावर किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करूनही परीक्षा देण्याची मुभा दिली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलेल्या पण लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. निकाल स्वागतार्ह आहे. पण ज्या मुलाला मराठी टाइप करता येतं, त्याने आपलं शुद्धलेखन आणि आपली विरामचिन्हं दुसऱ्याच्या हाती का सोपवावीत? लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा असतो. नववीतल्या मुलाने दहावीचा ‘प्रकाशाचं अपवर्तन’ हा शब्द कसा लिहायचा, हे त्या दोघांवरच सोडलेलं असतं. शाळेत पाचवीपासून मराठी टायपिंग शिकवलं तर ही ओढाताण संपेल.

कायद्याने बरीच वाट मोकळी केली आहे. २०१२ पूर्वी एखादं पुस्तक दृष्टिहीनांना वाचता येईल अशा स्वरूपात आणायचं तर प्रकाशकाची परवानगी लागे. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सूट आली. अशी पुस्तकं दृष्टिहीनांना सहज मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार जून २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. दिव्यांग हक्क कायद्याचं १७वं कलम १८ वर्षांपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यांना पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकतं. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलं, आणि अंध वाचकांना वर्तमानाची भूक किती आहे हे दाखवून दिलं.

एवढं असूनही मूळ फाइल देण्याचं काम प्रकाशकाच्या मर्जीवर राहतं. म्हणून मागणी अगदी साधी आहे, आणि ती पाठ्यपुस्तक मंडळापासून दिवाळी अंकांच्या संपादकांपर्यंत सगळ्यांकडे आहे. छपाईला जाणारी फाइल युनिकोडमध्ये करून घ्या. शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण करा, नुसती ठळक करू नका. चित्राखाली दोन ओळींत त्यात काय आहे ते लिहा. समीकरण चित्र म्हणून चिकटवू नका. आणि पुस्तक छापून झालं की मुद्रितशोधन झालेली तीच फाइल अंधशाळांच्या आणि सुगम्य पुस्तकालयाच्या स्वाधीन करा, शाळा जूनमध्ये उघडायच्या आत.