भाकरी, कडबा आणि ज्वारीच्या वाणाचा आराखडा

परभणी - वस्तू घडविण्यापूर्वी ती वापरणाऱ्याला नेमके काय मोलाचे वाटते, हे जाणून घेणे उद्योगजगतात आवश्यक मानले जाते. पिकाचे वाण हीदेखील अशीच घडविलेली वस्तू आहे. वापरणाऱ्याच्या अपेक्षा आराखड्यातून सुटल्या, तर अधिक उत्पादन देणारे वाणही मागे पडते, हे मराठवाड्यातील ज्वारीने दाखवून दिले आहे.

देशातील ज्वारीचे पहिले संकरित वाण ‘सीएसएच-१’ १९६४ मध्ये प्रसारित झाले. उत्पादनवाढ हे त्यामागील मुख्य उद्दिष्ट होते आणि खरिपात ते बऱ्याच अंशी साध्यही झाले. मात्र, लवकर पक्व होणारी कणसे पावसात सापडून दाणे काळे पडत आणि त्यांचा भाव उतरे. ताटे बुटकी असल्याने कडबाही कमी मिळे. रब्बीत तर शेतकऱ्याने मालदांडीची साथ सोडलीच नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेले हे वाण उत्पादनात फार पुढे नाही. पण पांढरा, चमकदार दाणा, चवदार भाकरी आणि भरपूर कडबा या तिन्ही अपेक्षा ते पूर्ण करते.

ग्राहक एक नव्हे, अनेक

ज्वारीचा ग्राहक एकच नसतो. घरात भाकरी थापणारी गृहिणी, दाण्याची चमक पाहून भाव ठरविणारा व्यापारी आणि दावणीच्या जनावरांसाठी वर्षभराच्या वैरणीची तजवीज करणारा शेतकरी, या प्रत्येकाची अपेक्षा निराळी असते. ती ज्याच्या त्याच्या भाषेत व्यक्त होते. ‘भाकरी थापताना चिरू नये’, ‘कडबा गोड असावा’, ‘पीक लोळू नये’ या त्या अपेक्षा. संशोधकाला त्यांचे मोजता येण्याजोग्या गुणांत रूपांतर करावे लागते. पीठ किती पाणी धरते, दाणा किती टणक आहे, ताटाची उंची व जाडी किती, खडखड्या रोगाला पीक किती बळी पडते, हे ते गुण होत.

जपानमध्ये योजी आकाओ यांनी १९६० च्या दशकात या रूपांतराची शिस्तबद्ध पद्धत मांडण्यास प्रारंभ केला. कोबे येथील मित्सुबिशीच्या जहाजबांधणी कारखान्यात १९७२ मध्ये तिचा तक्ता वापरात आला. एका बाजूला ग्राहकाच्या अपेक्षा, दुसऱ्या बाजूला तांत्रिक गुण आणि मधल्या चौकटींत त्यांचे परस्परसंबंध, असे त्याचे स्वरूप असते. एक गुण वाढविल्यास दुसरा कोठे घटतो, हेही अशा मांडणीतून स्पष्ट होते.

मोती ते शक्ती

योगायोगाने त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. येथील ‘परभणी मोती’ या रब्बी वाणाच्या नावातच टपोऱ्या, चमकदार दाण्याची ग्वाही आहे. हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ने या यादीत पोषणाची भर घातली. सर्वसाधारण ज्वारीच्या एका किलोत लोहाचे प्रमाण सुमारे ३० मिलिग्रॅम असते. या वाणात ते सुमारे ४५ मिलिग्रॅम आहे. जस्ताचे प्रमाणही अधिक आहे.

येथेच खरी अडचण उभी राहते. दाण्याची चमक डोळ्यांना दिसते, लोह दिसत नाही. जे दिसत नाही, त्याला बाजार समितीत वेगळा भाव मिळणे कठीण असते. मग पोषणाचा लाभ खाणाऱ्याला आणि लागवडीची जोखीम शेतकऱ्याला, अशी विभागणी होते. काढणीचाही असाच पेच आहे. मजुरांअभावी यंत्राने काढता येईल असे पीक हवे, तर कडब्यासाठी उंच ताट हवे. या दोन्ही मागण्या एकाच रोपात बसविणे सोपे नाही.

खरिपातील ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आले, त्यामागे हीच बेरीज-वजाबाकी होती. नवे वाण शिवारात टिकवायचे असेल, तर क्विंटलच्या आकड्याबरोबरच चूल, दावण आणि बाजार यांच्या अपेक्षा संशोधनाच्या पहिल्या पानावर नोंदवाव्या लागतील.