एका आवंढ्याची करामत

मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानात पट्टे सुटतात, चहाची गाडी फिरू लागते, तेव्हा हवेच्या हिशेबाने आपण कळसूबाईच्या माथ्याहूनही वर बसलेलो असतो. खिडकीबाहेर अकरा किलोमीटरची उंची असते. तिथल्या विरळ हवेत माणूस मिनिटभर तरी शुद्धीवर राहील की नाही शंकाच, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. पण समुद्रकाठाइतका दाब ठेवायचा तर विमानाचं धड फारच भक्कम आणि जड करावं लागेल. मग मधला मार्ग काढलेला आहे: नेहमीच्या उड्डाणात केबिनची हवा ८,००० फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटरवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ द्यायची नाही. काही नव्या विमानांत हा आकडा ६,००० फुटांवर आणलाय. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे नव्या विमानातसुद्धा आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा वरच!

ही चढाई आणि उतराई आपल्या वतीने कान करतात. कानाचा पडदा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा. आवाजाने थरथरायचं तर त्याच्या दोन्ही अंगांना हवा हवी, आणि तीही सारख्या दाबाची. बाहेरच्या अंगाला सगळं जग मोकळं आहे. आतल्या अंगाला मात्र मध्यकर्णाची इवलीशी बंद खोली आहे, आणि तिला बाहेरच्या हवेशी जोडणारी वाट एकच: नाकाच्या मागे घशात उतरणारी, साडेतीन सेंटिमीटरची नळी. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं नीट वर्णन केलं होतं.

गंमत अशी की ही नळी एरवी बंदच असते. कानाकडचा तिचा एक तृतीयांश भाग हाडातला आणि उघडा, पण घशाकडचा भाग कूर्चेचा, मऊ, भिंतीला भिंत चिकटलेला. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की टाळू ताणणारा एक छोटा स्नायू त्या भिंती ओढून दूर करतो. अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात दाब सारखा होतो आणि वाट पुन्हा मिटते. जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचतानाही हे दिवसभर चालूच असतं, कारण मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा हळूहळू शोषत राहतं. दडे बसेपर्यंत आपल्याला या कारभाराचा पत्ताच नसतो.

मग चढताना कान नुसते ‘टक’ करतात आणि उतरताना जीव नकोसा का करतात? पेप्सीकोल्याची रिकामी प्लॅस्टिकची नळी आठवा. फुंकली की आपोआप फुगून उघडते, ओढली की तिच्या बाजू एकमेकींना चिकटतात. विमान चढताना केबिनचा दाब घटतो, मध्यकर्णातली हवा प्रसरण पावते आणि नळीचं तोंड स्वतःच ढकलून बाहेर पडते. तोच तो ‘टक’. उतरताना उलटं होतं. आत दाब कमी, बाहेर जास्त. आत जाऊ पाहणारी हवाच त्या मऊ भिंती दाबून धरते, आणि दार उघडायचं काम एकट्या स्नायूवर येतं. फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत वाढला की स्नायूचंही काही चालत नाही. नळीला कुलूप लागतं. केबिनचा दाब मुद्दाम सावकाश, साधारण मिनिटाला तीनशे ते पाचशे फुटांच्या उतारासारखा वाढवत नेतात, तो याचसाठी. २,४०० मीटरपासून मुंबईच्या धावपट्टीपर्यंत नळी एकदाही उघडली नाही असं धरलं, तर नखाएवढ्या त्या पडद्यावर शेवटी दीडशे ग्रॅमच्या आसपास भार येतो. पडदा आत खेचला जातो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, आणि मग कळ.

ही कळ विमानापेक्षा जुनी आहे. १ डिसेंबर १७८३ रोजी जाक शार्ल हा फ्रेंच शास्त्रज्ञ हायड्रोजनच्या फुग्यातून पॅरिसहून उडाला. सोबत्याला खाली उतरवून संध्याकाळी तो एकटाच पुन्हा वर गेला. वजन कमी झाल्याने फुगा काही मिनिटांत सुमारे तीन हजार मीटरवर पोचला. जमिनीवर सूर्य मावळला होता, तो शार्लला पुन्हा दिसला. एकाच दिवसात त्याने दोन सूर्यास्त पाहिले. आणि त्याच वेळी त्याच्या उजव्या कानात आणि जबड्यात विलक्षण दुखू लागलं. फक्त उजव्या! दोन्ही नळ्यांचा कारभार स्वतंत्र असतो, आणि चढताना दार आपोआप उघडतं हेही काही प्रत्येक कान पाळत नाही. शार्ल खाली आला आणि पुन्हा कधी उडाला नाही. वायू तापवला की त्याचं आकारमान किती वाढतं, हा नियम पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला.

केबिनमध्ये हवा दाबून भरायची व्यवस्था नसेल तर काय होईल, याची चुणूक सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात मिळाली. केबिनचा दाब राखणारा स्विच लावायचाच राहिला. कित्येक प्रवाशांच्या नाकातून, काहींच्या कानांतून रक्त आलं आणि विमान माघारी फिरलं.

या नळीचं कूळ तर थेट समुद्रात निघतं. गर्भात ती घशाच्या बाजूच्या पहिल्या खोबणीतून तयार होते. माशांमध्ये याच खोबण्यांचे कल्ल्यांचे मार्ग बनतात. कोकणातल्या मासळीबाजारात पाकट पडलेली दिसली तर तिच्या डोळ्यामागचं भोक जरूर पाहा. वाळूत पडल्या पडल्या ती त्यातून पाणी आत घेते. आपली युस्टेशियन नळी आणि मध्यकर्ण यांचं त्या भोकाशी नातं आहे.

आता उपाय. पूर्वी विमानात टॉफीचं तबक फिरायचं, ते लाडापायी नव्हे: चघळलं की लाळ सुटते, लाळ सुटली की आवंढा. लिमलेटची गोळी, खडीसाखर, आवळासुपारी, काहीही चालेल. कानात नुसता कापूस कोंबून दाबाचा प्रश्न सुटत नाही, कापसातून हवा आरपार जातेच. विमान उतरू लागताच झोपलेल्याला उठवावं, कारण झोपेत गिळणं फार कमी होतं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकायची युक्ती अंतोनियो मारिया वाल्साल्वाने १७०४ च्या ग्रंथात लिहिली, तीही कानातला पू बाहेर काढण्यासाठी! ती अलगद आणि लवकर करावी. दडे घट्ट बसल्यावर जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. मला जोसेफ टॉयनबीची रीत जास्त आवडते: नाक दाबायचं आणि आवंढा गिळायचा, फुंकायचं नाही. गिळताना नळी उघडते हे दाखवून देणारा हाच तो एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश कानतज्ज्ञ. पुढे कानातल्या गुणगुणण्यावर उपाय शोधताना स्वतःवरच क्लोरोफॉर्मच्या वाफांचा प्रयोग करून तो दगावला.

सर्दी असेल तर नळीचं अस्तर सुजलेलं असतं आणि यातलं काहीच धड चालत नाही. प्रवास पुढे ढकलता आला तर उत्तम, नाहीतर नाकात घालायच्या थेंबांबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावं. तान्ह्या मुलांची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, आणि त्यांना ‘आवंढा गिळ’ म्हणून सांगता येत नाही. उतरताना बाळाला अंगावर घ्यावं किंवा बाटली द्यावी. ते जमलं नाही आणि त्याने भोकाड पसरलं, तर शेजारच्या रांगेतल्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. रडताना ते जबडा ताणतं, मध्येच आवंढेही गिळतं आणि आपले कान आपणच मोकळे करून घेतं.