अस्वलाची गाठ : शिकाऱ्यांचा अनुभव आणि आपला बचाव

दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. रानात अस्वल समोर येते; एक मित्र झटकन झाडावर चढतो, दुसरा जमिनीवर पडून मेल्याचे सोंग घेतो; अस्वल त्याला हुंगते आणि निघून जाते. इसापाने ही गोष्ट मैत्रीची पारख सांगण्यासाठी रचली, आणि त्या तात्पर्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु शाळेत ऐकलेली ही कथा अस्वलापासून बचावाचा धडा म्हणूनही लोकांच्या मनात घर करून बसली आहे. झाड गाठावे, नाही तर मेल्यासारखे पडावे, एवढीच बहुतेकांची तयारी असते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या पश्चिम अंगास अस्वल आजही आहे. तेव्हा या दोन उपायांत तथ्य किती, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

महाबळेश्वर आणि जावळीपासून कोयनेच्या खोऱ्यातून खाली शिराळा तालुक्यातील चांदोलीपर्यंत सह्याद्रीचे जे रान पसरले आहे, ते अस्वलाचे जुने घर आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले, चांदोलीस २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१० साली दोहोंस मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. धरणांमुळे आणि अभयारण्यांमुळे येथील कित्येक गावे उठली. त्यांच्या पडीक शेतांवर रान चढले आहे. परंतु या रानाच्या कडेने माणसांची वस्ती आहे, गुरे आहेत; हिरडा, मध, जांभूळ, करवंद गोळा करणारी माणसे आहेत; आणि वासोट्यासारख्या किल्ल्यावर जाणारी शहरातील तरुण मंडळीही आहेत. गाठ पडण्याचे प्रसंग येतात ते येथे.

आपले अस्वल दिसते कसे, हे दरवेशाच्या दोरीला बांधलेल्या अस्वलावरून जुन्या पिढीस माहीत होते. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याचा केस ताइतात घालीत. अस्वल नाचविण्याची ती क्रूर प्रथा २००९ च्या सुमारास देशातून जवळजवळ संपली, हे बरेच झाले. मात्र तीबरोबर या प्राण्याची ओळखही पुसट झाली. नराचे वजन साधारण ८० ते १४५ किलो, मादीचे त्याहून कमी. अंगावर लांब काळे केस, छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा पांढरट पट्टा, आणि पुढच्या पंजांना तीन-चार इंच लांबीच्या वाकड्या नख्या. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने याचे वर्णन केले, तेव्हा या नख्या पाहून त्याने यास दक्षिण अमेरिकेतील झाडास लोंबकळणाऱ्या एका सुस्त प्राण्याच्या जातीत घातले होते! वस्तुतः या नख्या वारूळ उकरण्यासाठी आहेत. वरचे मधले दोन दात यास नसतात. त्या फटीतून, ओठांची नळी करून, हा प्राणी वाळवी आणि मुंग्या जोराने ओढून घेतो. धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेण्याचीही सोय त्याला आहे. त्याचा मुख्य आहार कीटक, मध आणि फळे. माणसाला खाण्यासाठी आपले अस्वल माणसावर येत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी.

मग ते अंगावर येते का? याचे उत्तर त्याच्या इंद्रियांत आणि इतिहासात आहे. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण दृष्टी आणि श्रवण त्या मानाने मंद. वारूळ उकरताना आणि वाळवी ओढताना त्याचा स्वतःचाच आवाज इतका असतो की, माणसाची चाहूल त्यात बुडून जाते. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असेल तर वासही लागत नाही. त्यात कारवीचे दाट रान, जेथे दहा पावलांपलीकडे दिसत नाही. अशा वेळी माणूस एकाएकी समोर उभा राहिला म्हणजे अस्वल दचकते. हरिण दचकले तर पळते. अस्वलाला धड वेगाने दूर पळता येत नाही, आणि त्याचे पूर्वज तर हजारो पिढ्या वाघाच्या शेजारी राहिलेले. वाघासमोर पाठ फिरवणे म्हणजे मरण. म्हणून उभे राहून तोंडावर पंजा मारणे हाच त्याचा स्वसंरक्षणाचा मार्ग ठरला. पाठीवर पिले घेतलेली मादी तर यात कधी कसूर करीत नाही. परिणाम माणसाला भोगावा लागतो. मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या काळात अस्वलांच्या हल्ल्यांत ४८ माणसे दगावली आणि ६८६ जखमी झाली. मेलेल्यांपेक्षा जखमींचा आकडा कितीतरी मोठा आहे, याचा अर्थ उघड आहे: अस्वलाचा हेतू ठार मारण्याचा नसतो, समोरचे संकट दूर करण्याचा असतो. परंतु जखमा डोक्यास व चेहऱ्यास होतात, आणि त्या जन्मभर पुरतात.

बंदूक हाती असलेला शिकारी तरी निर्धास्त होता काय? आपल्याकडील जुने शिकारी पहाटे गुहेच्या तोंडाशी दबा धरून परतणारे अस्वल मारीत, किंवा हाका घालून ते बाहेर काढीत. लांब केसांमुळे शरीराचा अंदाज चुके आणि गोळी वर्मी लागत नसे. जखमी अस्वल आक्रोश करीत शेजारच्या आपल्याच सोबत्यावर तुटून पडे, नाही तर सरळ हाकेकऱ्यांत घुसे. शिकाऱ्याची चूक, आणि तिचे मोल भरणार बिनबंदुकीचा गावकरी, असे अनेकदा होई.

अमेरिकेतील ग्रिझली अस्वल आपल्या अस्वलाच्या दुपटीहून मोठे. त्याच्याशी गोऱ्या शिकाऱ्यांची गाठ पडली तेव्हा काय झाले, याची एक विश्वसनीय नोंद आहे. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतील सहा निष्णात शिकाऱ्यांनी १८०५ च्या मे महिन्यात मिसूरी नदीकाठी एका ग्रिझलीला गाठले. चौघांनी एकदम गोळ्या झाडल्या, दोघांनी बार राखून ठेवले. इतक्या गोळ्या खाऊनही ते अस्वल त्यांच्यामागे धावले. दोघांनी उंच दरडीवरून नदीत उडी टाकली, तर त्याने त्यांच्या मागोमाग उडी घेतली. अखेर काठावरच्या एकाने डोक्यात गोळी घातली तेव्हा ते पडले. त्याच्या अंगातून आठ गोळ्या गेल्या होत्या. पुढे बंदुका सुधारल्या आणि पारडे फिरले. कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर ग्रिझलीचे चित्र आहे, पण त्या प्रांतातील ग्रिझली १९२० नंतरच्या दशकातच नामशेष झाले. बंदुकीने अस्वलांची जात संपविता येते. परंतु अचानक दहा हातांवर उभ्या ठाकलेल्या एका अस्वलापासून बंदूक वाचवीलच असे नाही, हा या इतिहासाचा धडा आहे. आज अमेरिकेत रानात जाणारे लोक तिखटाच्या अर्काची फवारणी जवळ बाळगतात, आणि अलास्कातील अनुभव तिच्या बाजूने आहे.

आता त्या गोष्टीकडे वळू. झाडावर चढलेला मित्र खरोखर सुरक्षित होता काय? मोठा ग्रिझली सहसा झाडावर चढत नाही. आपले अस्वल मात्र मधासाठी झाडावर उत्तम चढते. शिवाय धावत झाडाकडे जाणे म्हणजे धावणेच, आणि पळणाऱ्या माणसाला अस्वल सहज गाठते. सोंग घेणाऱ्या मित्राचे काय? अस्वल मेलेल्यास शिवत नाही, ही समजूत खोटी आहे; ग्रिझली तर मेलेली जनावरे आवडीने खातो. तरी निपचित पडण्याचा उपयोग होतो, पण त्याचे कारण वेगळे आहे. पडलेला, न हलणारा माणूस संकट वाटेनासा होतो, आणि भ्यालेले अस्वल आपली वाट धरते. मात्र गोष्टीतल्याप्रमाणे अस्वल दिसताच आडवे होणे हा शुद्ध वेडेपणा होय. तो अखेरचा उपाय आहे, पहिला नव्हे.

पहिला उपाय म्हणजे गाठच पडू न देणे. एकट्याने जाऊ नये. बोलत, खाकरत जावे. धनगराची घुंगूरकाठी हे या कामी उत्तम साधन आहे, कारण अस्वलाला आधी चाहूल लागली तर बहुधा तेच बाजूस होते. पहाटे व तिन्हीसांजेस कारवीत आणि कपारींजवळ जाणे टाळावे. ताजे उकरलेले वारूळ अथवा फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर मागे फिरावे. मोकळे कुत्रे बरोबर नेऊ नये. ते अस्वलाला डिवचते आणि मग धावत धन्याकडेच येते.

अस्वल दुरून दिसले आणि त्याने आपल्याला पाहिले नसेल, तर आल्या पावली हळूच परतावे. पाहिले असेल तर धावू नये, दगड मारू नये. शांत आवाजात बोलत, त्याला वाट मोकळी ठेवून, पाऊल पाऊल मागे सरावे. पिले आणि मादी यांच्यामध्ये येऊ नये. पुष्कळदा अस्वल धावून येते आणि मध्येच थांबते. तेथे पाय स्थिर ठेवावे आणि काठी दोघांच्या मध्ये आडवी धरावी. प्रत्यक्ष अंगावर आलेच तर पालथे पडावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावी, कोपरांनी चेहरा झाकावा, पाठीवरची पिशवी काढू नये, आणि ते पुरते दूर जाईपर्यंत उठू नये. नंतर जखम कितीही लहान दिसो, ती साबणाने व भरपूर पाण्याने धुऊन रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची आणि पिसाळरोगाची लस यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये. वनखात्यास कळवावे, जखमीस शासनाकडून साहाय्य मिळते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला प्रतिकार मात्र कायदा गुन्हा मानीत नाही. म्हणजे रानाच्या कडेच्या माणसाचा जीव कायद्याने स्वस्त ठरविला आहे, ही तक्रार खरी नव्हे. तरीपण कायद्याचे पुस्तक कारवीच्या रानात उपयोगी पडत नाही. तेथे हिरडा वेचणाऱ्या बाईला अथवा गुराख्याला या चार गोष्टी माहीत असणे उपयोगी पडते. त्या शहरातील सभागृहात सांगून भागणार नाही. आपल्यापैकी ज्यांची गावे पाटण, जावळी, महाबळेश्वर अथवा शिराळ्याच्या डोंगरांत आहेत, त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर त्या तेथील शाळेत आणि चावडीवर सांगाव्यात, एवढीच विनंती आहे.