प्रिझम हाती धरलं की बॅटरी पुरते

वैशाखातली दुपार. हिंगणघाटजवळच्या एका शेतावर मोजणी चालली होती. टोटल स्टेशनच्या पडद्यावर बॅटरीची शेवटची एक काडी उरली होती आणि नाल्याकडच्या दोन खुणा अजून बाकी होत्या. दुसरी बॅटरी सकाळपासून जीपच्या काचेखाली तापत पडलेली, ती लावल्या लावल्याच निम्मी दिसली म्हणून काढून ठेवलेली. मोजणीदारानं तीन गोष्टी केल्या. यंत्राखाली जमिनीवर पडणारा लेझरचा लाल ठिपका बंद केला. पडद्यामागचा उजेड घालवला. आणि धुऱ्यावरच्या बाभळीच्या खोडावर थेट नेम धरण्याऐवजी हातातली प्रिझमची काठी पोऱ्याकडे देऊन त्याला तिकडे पिटाळलं. दोन्ही खुणा झाल्या, तरी ती काडी शाबूत होती.

पहिल्या दोन गोष्टी कुणालाही सुचतील. खरी गंमत तिसरीत आहे.

टोटल स्टेशन कोन मोजतं आणि अंतर मोजतं. अंतरासाठी ते उजेड पाठवतं आणि परत आलेला उजेड वाचतं. उजेडाचा वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर. अंतरात एक मिलिमीटरचा फरक पडला, तर जाण्यायेण्याच्या वेळात फरक पडतो तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या जेमतेम सातपट. एवढा वेळ थेट मोजणं अवघड, म्हणून अनेक यंत्रं वेगळी वाट धरतात. उजेडाची तीव्रता ती सेकंदाला कोट्यवधी वेळा कमी-जास्त करतात. समजा, हे दीड कोटी वेळा होतंय. मग उजेडावर 20 मीटर लांबीची एक लाट तयार होते. परत आलेली लाट पाठवलेल्या लाटेच्या किती मागे पडली, यावरून अंतर कळतं. पण परतलेला उजेड क्षीण असेल तर लाट नीट ओळखू येत नाही. मग यंत्र पुन:पुन्हा उजेड सोडतं, सरासरी काढत राहतं. बॅटरी खर्च होते ती इथे.

आता हिशोब करू. यंत्राचं भिंग पाच सेंटिमीटर व्यासाचं आहे आणि समोर 100 मीटरवर पांढरी भिंत आहे. भिंतीवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. ती अगदी शुभ्र असली, तरी उजेडाच्या दहा कोटी भागांपैकी जेमतेम सहा भाग परत भिंगात शिरतात. 200 मीटरवर ते दीडवर येतात. बाभळीचं काळपट खोड तर याहूनही कंजूष. म्हणूनच प्रिझमशिवाय मोजताना बरीच यंत्रं जास्त ताकदीचा लेझर वापरतात आणि प्रिझम असलं की सौम्य उजेडावर भागवतात.

प्रिझम कधी हाती आलं तर एक करून बघा. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्यानं त्यात पाहा. ते डावीकडे वळवा, उजवीकडे झुकवा, थोडं उलटं धरा. तुमचं बुबुळ मध्यभागीच राहतं. आत एकमेकांशी काटकोनात असलेली तीन पृष्ठं आहेत. घराच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि जमीन मिळतात तिथे, चेंडू तिन्हींवर आपटला की तो आला त्या दिशेलाच वळतो, तसंच उजेडाचं होतं. तो विखुरत नाही, पाठवणाऱ्याकडे परततो. प्रिझम धरणाऱ्याचा हात जरासा हलला तरी चालतं. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी अशाच 100 प्रिझमांची एक चौकट चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेझर ती आजही परत धाडते. तिला बॅटरी नाही, तार नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

उजेड आणायचा कुठून, ही मोजणीची जुनीच चिंता आहे. ज्यांनी 1802 मध्ये मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ते विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये याच हिंगणघाटला वारले. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनी दूरच्या टेकड्यांवर माणसं बसवली. ती दिवसा आरशानं सूर्याचं ऊन यंत्राकडे वळवायची आणि रात्री दिवे पेटवायची. पुढे स्वीडनच्या एरिक बर्गस्ट्रँड यांनी प्रकाशाचा वेग मोजण्याच्या खटपटीतून जिओडिमीटर घडवलं. ते वजनदार होतं, सोबत जनरेटर लागायचा आणि काम मुख्यतः रात्रीचं. 1962 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या कणाएवढ्या तुकड्यातून अवरक्त उजेड निघू लागला, आणि त्यानंतरच अंतर मोजायचं यंत्र तिवईवर ठेवण्याजोगं आणि खांद्यावरच्या बॅटरीवर चालणारं झालं.

बॅटरीच्या काटकसरीचा हाच विचार दुसऱ्या यंत्रांनाही लागू पडतो. इमारतीच्या कामावर दिसणारा रेषा-लेझर घ्या. फरशी बसवणाऱ्यांना हिरवी रेषा आवडते, आणि ते बरोबरच आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वात जास्त दाद देतो. त्याच ताकदीचा 635 चा लाल त्याला सुमारे पाचपट फिका दिसतो. पण हिरवा लेझर तेवढीच ताकद द्यायला बॅटरी जास्त खातो. अंधाऱ्या खोलीत लाल रेषा स्वच्छ दिसत असेल तर हिरव्याचा हट्ट कशाला? उघड्यावर भर उन्हात दोन्ही दिसेनाशा होतात. तिथे स्पंदनांचं बटण दाबायचं आणि काठीवर रिसीव्हर लावायचा. लेझर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. रिसीव्हर नेमकी ती लय ओळखून वाजतो, ऊन कितीही असो. जितका वेळ लेझर मिटलेला, तितकी बॅटरी वाचली.

टोटल स्टेशनवरची 'ट्रॅकिंग'ची सोय आखणीसाठी आहे. खुणेचा खुंटा सरकवताना आकडा सतत बदलता हवा असतो, तेव्हा ती लावावी. पण कित्येक जण ती सकाळी लावतात आणि संध्याकाळपर्यंत तशीच ठेवतात. माहितीपत्रकात 'इतके तास चालते' असं असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत अनेकदा अट असते: दर 30 सेकंदांनी एक मोजमाप. अखंड उजेड सोडणाऱ्या यंत्राला तो आकडा लागूच नाही.

बॅटरीबद्दलचा एक जुना सल्ला मात्र सोडून द्यायला हवा: 'पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा.' तो निकेल-कॅडमियमच्या काळातला. आजची लिथियम-आयन बॅटरी तळाला गेल्यानं झिजते, आणि पूर्ण भरून उन्हात ठेवली की त्याहून लवकर झिजते. महिनाभर काम नसेल तर निम्मी भरून थंड जागी ठेवावी. हिमालयात थंडीनं ती लवकर मान टाकते, म्हणून तिथे ती अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवतात. विदर्भात प्रश्न उलटा.

दुसऱ्या दिवशी त्याच शेतावर गेलो, तेव्हा जीपचा डॅशबोर्ड रिकामा होता. जादा बॅटरी डब्याच्या पिशवीत, निंबाच्या सावलीला, पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवली होती.