लफडं नको रे बाबा!

काशीमिऱ्याच्या सिग्नलला बाइक घसरली की मिनिटभरात रिंगण तयार. एकजण उडालेली चप्पल शोधतो, दुसरा बाइक स्टँडला लावतो, रिक्षावाला मान बाहेर काढून ‘काय झालं, काय झालं’ करतो, तिघांचे मोबाइल वर. आणि गर्दीच्या मागून ते ठरलेले काका: ‘हात लावू नका, पोलीस केस आहे!’

काकांना कायदा बरोबर उलटा कळलाय. नुसतं बघत उभं राहणं आपल्याकडे गुन्हा नाही, पण हात लावणं तर त्याहून नाही. गुन्हा होतो तो ज्याच्यावर कायद्याने काही जबाबदारी टाकलीय, त्याने अंग काढून घेतलं तर.

मेकॉलेसाहेबांचा वाटाड्या

हे सगळं १८३७ पासूनचं. मेकॉलेने दंडसंहितेचा मसुदा केला आणि सोबत टिपणं जोडली. त्यातली उदाहरणं आजही चवीने वाचावीत. नदीला पूर आलाय, वाटसरू पाण्यात उतरतोय, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही काठावर गप्प. तो वाहून गेला, तरी तुम्ही खुनी नाही. मात्र त्याला पार नेण्याचं कबूल केलेले वाटाडे असाल, तर खुनी! कैद्याला उपाशी मारणारा जेलर खुनी, भिकाऱ्याला भुकेलं परत पाठवणारा धनिक नाही. सगळ्यांत भारी तो कलकत्त्याचा सर्जन. मीरतला जाऊन ऑपरेशन केलं तर रुग्ण वाचेल, अख्ख्या देशात ते जमणारा हा एकटाच, आणि तो ‘येत नाही’ म्हणतो. तरी खुनी नाही. (रेल्वेच्या आधीचा काळ. कलकत्ता ते मीरत म्हणजे बोरिवलीहून भाईंदरला येणं नव्हे.)

ती संहिता १८६२ मध्ये लागू झाली, १ जुलै २०२४ ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वाटाड्याचं तत्त्व मात्र तिथेच आहे.

हायवे अडला त्या दिवशी

रस्त्यावरचा वाटाड्या म्हणजे ड्रायव्हर. नव्या संहितेच्या कलम १०६(२) मध्ये लिहिलं होतं: बेदरकार गाडी चालवून जीव घेतला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळालात, तर दहा वर्षांपर्यंत कैद. देशभरातले ट्रकवाले भडकले. १ जानेवारी २०२४ ला आपल्या मीरा-भाईंदरमध्येही मुंबई-अहमदाबाद हायवे अडवला गेला, पोलिसांवर दगड आले. दुसरीकडे पेट्रोल संपणार या धास्तीने पंपांवर रांगा. ड्रायव्हरांचं म्हणणं एका वाक्याचं: थांबलो तर पब्लिक जिवंत सोडेल का?

गंमत म्हणजे ही भीती कायद्याला आधीपासूनच ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं, अपघात झाला की ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात पोचवायचा प्रयत्न करायचा. अपवाद? संतापलेल्या जमावामुळे ते शक्यच नसेल तर. ‘पब्लिक मारेल’ हे चक्क कलमात छापलंय! न्याय संहिता जुलैत लागू झाली तेव्हा १०६(२) तेवढं बाजूला ठेवलं. कलम १३४ आहेच. ते मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

डॉक्टर, कप्तान, साखळी

१९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं: आधी जीव, मग पोलिसी सोपस्कार, दवाखाना सरकारी असो की खासगी. बलात्कार किंवा ॲसिडहल्ल्यातल्या पीडितेवर उपचार नाकारले, तर दवाखाना चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद.

समुद्रात बघ्याला जागाच नाही. स्वतःच्या जहाजाला मोठा धोका नसेल, तर बुडणाऱ्याला मदत करणं आंतरराष्ट्रीय कायद्याने कप्तानावर बंधनकारक आहे.

लोकलमधून कुणी पडलं आणि तुम्ही साखळी ओढली? बिनधास्त. शिक्षा सबळ कारणाशिवाय ओढणाऱ्याला आहे.

फ्रान्समध्ये काका आत गेले असते

तिथे धोक्यातल्या माणसाला, स्वतःला धोका नसताना, मदत न करणं हा सरळ गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद, ७५ हजार युरोंपर्यंत दंड. १९९७ मध्ये डायनाच्या अपघातानंतर फोटोग्राफरांची चौकशी झाली ती याही कलमाखाली. जर्मनीत एक वर्षापर्यंत कैद. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने साठच्या दशकात असा कायदा केला. दंड जास्तीत जास्त शंभर डॉलर. माणुसकीचा एवढा स्वस्त दर दुसरीकडे सापडणं कठीण.

आपण दंडुक्याऐवजी कवच दिलं. २०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाचा निकाल, मग मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती, कलम १३४अ, आणि २०२० चे नियम. जखमीला पोचवा आणि निघा. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. तुमच्या हातून उचलताना चूक झाली, तरी तुमच्यावर खटला नाही. आपखुशीने साक्षीदार झालात, तर तुमच्या सोयीच्या जागी जबाब, तोही शक्यतो साध्या वेशातल्या पोलिसापुढे. म्हणजे सोसायटीत कुजबुज नको! केंद्र सरकारच्या ‘राहवीर’ योजनेत तर २५ हजारांचं बक्षीस आहे, आधी पाच हजार होतं. अट अशी की जखम गंभीर हवी. माणूस दुसऱ्या दिवशी चालत घरी गेला, तर तुम्हाला नुसतं थँक्यू.

हे हक्क दवाखान्याने हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत दर्शनी भागात लावायचे, असाही नियम आहे. म्हटलं बघू या. जवळच्या एका दवाखान्यात शिरलो. चपला बाहेर काढा. कॅशलेससाठी आधार आणा. भेटायची वेळ चार ते सहा. क्यूआर कोड. गणपतीच्या फोटोमागेही डोकावलो. काउंटरवरची मुलगी पाच मिनिटं बघत होती. शेवटी म्हणाली, ‘काका, पेशंट कुठे आहे?’