तबकडीवरचा कौल : रसिकांच्या वादाची एक चिकित्सा

आवडत्या गायकाची कोणती ध्वनिमुद्रिका सर्वांत सरस, या प्रश्नावर दोन रसिकांचे एकमत झाल्याचे क्वचितच आढळेल. असा वाद रात्र रात्र चालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. संगीताच्या अभ्यासकांनी या वादाकडे बहुधा रिकामपणाचा उद्योग म्हणूनच पाहिले आहे. वस्तुतः त्याचा विचार व्हावयास हवा. कोणता गायक थोर, कोणती परंपरा जिवंत आणि कोणती विसरण्याजोगी, हे पुढल्या पिढीपर्यंत जे पोचते ते ग्रंथांतून थोडे आणि रसिकांच्या या वादांतून पुष्कळ. मात्र वाद ज्या पुराव्यावर चालतो तो पुरावा म्हणजे तबकडी, आणि तबकडीची साक्ष वाटते तितकी निःपक्षपाती नाही.

या गोष्टीचा विचार करण्यास खानदेशातील पिंपळनेर हे ठिकाण मोठे सोयीचे आहे. पांझरेच्या काठचे हे बाजारपेठेचे गाव आज धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात मोडते. १८८० च्या सरकारी गॅझेटियरमध्ये मात्र तालुकाच पिंपळनेरच्या नावाने नोंदलेला आहे. गावाच्या पूर्वेस अहिराणी बोलणारा सपाटीचा मुलूख, पश्चिमेस कोकणा आणि भिल्ल वस्तीचा डोंगराळ पट्टा. पूर्वेकडील मुलखातले संगीत तबकडीवर, पुढे फितीवर पुष्कळ कोरले गेले. पश्चिमेकडील संगीताच्या वाट्याला तबकडी जवळजवळ आलीच नाही. एकाच बाजारात येणाऱ्या दोन समाजांपैकी एकाच्या गाण्यावर पुराव्यानिशी वाद होऊ शकतो, दुसऱ्याच्या गाण्यावर होऊ शकत नाही, असा हा भेद आहे.

प्रथम सपाटीकडील संगीताचा विचार करू. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी गाण्याचे प्रारंभीचे धडे घेतले ते जळगावास मेहबूबखाँ यांच्याजवळ. त्यामुळे खानदेशातील रसिकांना त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटावा यात नवल नाही. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिकडे १९०८ पासून केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी होतीच. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा मराठी रसिकांचा अत्यंत जुना आणि अत्यंत कडू वाद होय. एकाचा आवाज मधुर, लडिवाळ आणि सहज वळणारा. दुसऱ्याचा तार सप्तकात निर्भयपणे घुसणारा, तेजस्वी. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होते. त्या रात्री कोणी बाजी मारली याचा निकाल शंभर वर्षे उलटूनही लागलेला नाही. निकाल लागण्यासारखी काही वस्तू उरलेलीच नाही, हे त्याचे एक कारण. त्या रात्रीचे गाणे कोणत्याही तबकडीवर नाही. ज्यांनी ते ऐकले त्यांची स्मृती हाच पुरावा होता, आणि ती माणसे गेली.

यानंतरचा वाद अर्थातच तबकड्यांवर आला, आणि येथेच चिकित्सेची गरज भासते. हिंदुस्थानात गाणे कोरून घेण्यास १९०२ साली कलकत्त्यास प्रारंभ झाला. त्या काळात मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावयाचे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलावयाची आणि मेणावर रेषा उमटावयाची. मेणाचा साचा जर्मनीत हानोव्हर येथे जाई आणि तेथे लाखेच्या तबकड्या छापून त्या परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही यातायात थांबली. (लाख आपल्याच जंगलांतली, ती जर्मनीस जाऊन गाणे होऊन परत येई, हा व्यापाराचा एक मासलेवाईक नमुना म्हणावा लागेल.) कर्ण्याला ना फार खालचे स्वर कळत, ना आवाजाची वरची झिलई. सारंगी दूरची वाटे आणि तबल्याचा तर केवळ ठेका उरे. विजेच्या साहाय्याने मायक्रोफोनवर कोरण्याची रीत जगात १९२५ पासून रूढ झाली.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, ‘संयुक्त मानापमाना’नंतर तीनच महिन्यांनी, वारले. बालगंधर्व १९६७ पर्यंत हयात होते. म्हणजे केशवरावांचा जो काही आवाज उरला तो सर्व कर्ण्यातला. बालगंधर्वांना मात्र मायक्रोफोनही लाभला. एकाची साक्ष बंद खोलीतून ऐकावयाची आणि दुसऱ्याची दार उघडून, असा हा प्रकार झाला. तबकड्या लागोपाठ लावून ‘पाहा, केशवरावांचा आवाज किती कोरडा’ असे जो म्हणतो तो गायकाविषयी बोलत नसून यंत्राविषयी बोलत असतो. फक्त त्याला ते ठाऊक नसते.

याहून सूक्ष्म गफलत गतीची आहे. मिनिटास ७८ फेरे हे प्रमाण पुढे ठरले. आरंभीच्या तबकड्या त्याहून कमी वा अधिक गतीनेही कोरल्या गेल्या आहेत. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने फिरविली तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी पाचमधले गाणे काळी चारच्या घरात जाऊन बसते, तान अधिक चपळ वाटते आणि आवाज अधिक कोवळा. चावीच्या यंत्राची कमान उतरत आली म्हणजे याच्या उलट घडते. ‘त्यांची पट्टी काय उंच होती!’ या उद्गारात गायकाचा वाटा किती आणि यंत्राच्या गतीचा किती, हे तबकडीवर वाजणारी पेटी किंवा ऑर्गन यांचा सूर तपासल्याखेरीज सांगता येत नाही. रसिक हे तपासत नाहीत. अभ्यासकांनी तरी तपासावे.

आणि काळाची मर्यादा! दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे. गंधर्व मंडळीत सारंगीस कादरबक्ष, तबल्यास अहमदजान तिरखवाँ, आणि समोर ‘वन्समोर’ची गर्जना करणारा प्रेक्षक असा थाट असे, तेथे एक पद हवे तितके फुलत जाई. तबकडीवर त्याचा सांगाडा येतो. सांगाडा कधीकधी देखणा असतो, हे खरे. तीन मिनिटांच्या शिस्तीने बालगंधर्वांच्या काही पदांना जो घाट आला तो रंगभूमीवर तसा आलाच असता असे नाही. तथापि जे गायक मुळातच विस्ताराचे, त्यांचे हाल झाले. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांची बाजारात आलेली एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचा आवाजही मागे राहिला नाही. ‘स्वयंवरा’च्या पदांना चाली बुवांच्या आहेत, परंतु रसिकांच्या वादात त्यांचे नाव येते ते दुसऱ्याच्या कंठातून. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, पण मोजून. त्यांच्या भैरवीचे सुमारे साडेतीन मिनिटांचे मुद्रण १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोनेरी तबकडीतून अवकाशात गेले. एक राग तासतास मांडणाऱ्या गायिकेची ओळख परग्रहावर साडेतीन मिनिटांच्या भैरवीवरून व्हावयाची आहे! केसरबाई मोठ्या की मोगूबाई कुर्डीकर, या वादातील जुने श्रोते बैठकीचे दाखले देत. आजचे तबकड्यांचे देतात. वाद तोच असला तरी वादाचा विषय बदललेला आहे.

तबकडीची लांबी वाढली तर काय होते, याचे उदाहरण पाहण्यासाठी पुन्हा जर्मनीत जावे लागते. १९४८ मध्ये दीर्घवादन तबकडी आली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले. १९६८ नंतर पश्चिम जर्मनीतील तरुण वादकांनी या सवडीचा पुरेपूर उपयोग केला. इंग्रज वृत्तपत्रांनी त्यांच्या संगीतास काहीशा हेटाळणीने ‘क्राउटरॉक’ हे नाव दिले. पुढे तेच रूढ झाले. अमेरिकी गाण्याची नक्कल टाळावयाची, एकच लय न थकता चालू ठेवावयाची आणि तिच्यावर ध्वनीचे थर चढवावयाचे, ही त्यांच्यापैकी अनेकांची रीत. कोलोन येथील ‘कॅन’ या वादकसंघातील होल्गर चुकाय व इर्मिन श्मिट हे श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी. तासन् तास उत्स्फूर्त वाजवावयाचे आणि मग चुकाय यांनी कात्री घेऊन फितीतून रचना कापून काढावयाची, अशी त्यांची पद्धत होती. येथे तबकडी ही बैठकीची आठवण नव्हे; तबकडी हीच मूळ कृती होय.

त्यामुळे या संगीताच्या चाहत्यांचा वाद मराठी रसिकांच्या वादाहून निराळ्या पायावर उभा आहे. ‘कॅन’ची ‘टागो मागो’ (१९७१) श्रेष्ठ की ‘फ्यूचर डेज’ (१९७३), यावर ते हातघाईस येतात. एकास पहिलीतील उग्र, सैल, भयकारी विस्तार प्रिय, तर दुसऱ्यास दुसरीतील संयत तरलता. दोघेही तीच वस्तू ऐकत असतात, हे विशेष. ड्युसेलडॉर्फच्या ‘नॉय!’ या दोघा वादकांच्या दुसऱ्या संग्रहाचा (१९७३) वाद तर गतीचाच आहे. मुद्रणासाठीचे पैसे संपले, तेव्हा त्यांनी आपलीच आधीची छोटी तबकडी मिनिटास १६ आणि ७८ अशा फेऱ्यांनी वाजवून संग्रहाची दुसरी बाजू भरून काढली. ही कला की फसवणूक, हे चाहत्यांत अद्याप ठरावयाचे आहे. आपल्याकडे जी गफलत नकळत घडली ती तेथे जाणूनबुजून केली गेली, एवढाच फरक.

मात्र विस्मृतीचा नियम तेथेही चुकला नाही. ‘क्राफ्टवेर्क’ या संघाने १९७४ च्या ‘आउटोबान’पूर्वीचे आपले तीन संग्रह पुढे बाजूस सारले व त्यांची अधिकृत पुनर्मुद्रणे काढली नाहीत, परिणामी कित्येक चाहत्यांच्या लेखी हा संघ ‘आउटोबान’पासूनच सुरू होतो. १९९५ मध्ये जूलियन कोप या इंग्रज गायकाने पन्नास आवडत्या संग्रहांची यादी असलेले पुस्तक लिहिले, आणि एका माणसाची आवड पुष्कळांची परीक्षा होऊन बसली. तबकडी लांब झाली म्हणजे संगीताची काटछाट कमी होते, परंतु जे तबकडीवर नाही वा बाजारात मिळत नाही ते वादातून गळतेच.

येथून पिंपळनेरच्या पश्चिमेकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मार्गशीर्षात त्या पट्ट्यातील कोकणा व भिल्ल पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो आणि पौर्णिमेच्या सुमारास त्याची सांगता होते. त्यातील मुख्य वाद्य पावरी. वाळलेला भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकास कर्णा अशी तिची घडण असून वादक श्वास न तोडता ती फुंकीत राहतो. त्या अखंड नादावर माणसे फेर धरतात, अंगात येते, रात्र सरते. कोकणा समाजात काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवून, ती बोटांनी ओढून नाद काढीत कथा गाण्याचीही रीत आहे. तीही तबकडीसारखी वाटोळीच. परंतु तिच्यावर काही कोरलेले राहत नाही. न तुटणारी लय आणि तिने देहावर मिळविलेला ताबा हे ज्या संगीताचे सार, ते तीन मिनिटांच्या तबकडीत मावणे अशक्यच होते. वीस मिनिटांच्या तबकडीत कदाचित थोडे मावले असते, पण ती या पाड्यांपर्यंत पोचली नाही.

याचा अर्थ तेथे रसिक नाहीत असा मुळीच नव्हे. कोणाचा दम टिकतो, कोणाच्या फुंकीवर पाय आपोआप उचलतात, याविषयी ऐकणाऱ्याला मत असतेच. परंतु तेथे दाखला द्यावयाचा तो एखाद्या रात्रीचा, ‘संयुक्त मानापमाना’च्या प्रेक्षकाने द्यावा तसा, आणि ऐकणारी पिढी गेली की तो दाखलाही जातो. लग्नाच्या वरातीत विजेवरची वाद्ये व ध्वनिवर्धक आल्यापासून तरुण कानांसमोरचा पुरावा पालटला आहे. उद्याचा वाद ज्याचे मुद्रण आहे त्याच्याविषयीच होईल, आणि पावरी त्यात असेलच असे सांगता येत नाही.

आज ध्वनिमुद्रणाचे साधन खिशात मावते व लांबीची अडचण उरलेली नाही. तेव्हा पावरीचे मुद्रण करावयाचे तर दहा मिनिटांचा नमुना घेऊन परत फिरण्यात अर्थ नाही. संध्याकाळपासून उजाडेपर्यंत यंत्र चालू ठेवावे. पाडा, तिथी, वादकाचे वय, त्याने कोणाजवळ बसून पावरी शिकली, भोपळा व नळ्या कोठल्या, हे टिपावे. भोवती बसलेल्यांची चर्चा गोंगाट म्हणून पुसून टाकू नये. कोणत्या वादकाला लोक रात्रीच्या कोणत्या प्रहरी पुढे करतात, कोणाला मागे बसवितात आणि कोणत्या शब्दांत त्याची वाखाणणी किंवा टवाळी करतात, हे त्यांच्याच बोलीत, वादनाच्या शेजारीच मुद्रित झालेले असावे.